प्लॅटफॉर्म खेळ, त्रिमितीय
फलाट व खड्डे उड्या मारून ओलांडण्याच्या व्हिडिओ खेळांचे खोलीयुक्त रूप. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ (१९८५) हा द्विमितीय खेळ काठिण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्यात पहिल्या आघाताने नायकाचे चिलखत गळते, दुसऱ्याने प्राण जातो. उडीची दिशा हवेत बदलता येत नाही. तथापि दृश्य बाजूने दिसत असल्याने अंतर अचूक ताडता येते व चूक स्वतःची म्हणून मान्य होते. त्रिमितीय दृश्यात खोलीचा अंदाज फसतो. दोष खेळाडूचा की कॅमेऱ्याचा, हे कळत नाही. यासाठी ‘सुपर मारिओ ६४’मध्ये (१९९६) पात्राची सावली थेट पायांखाली दाखविली आहे. ‘मॅक्सिमो’ (२००१) या उपर्युक्त मालिकेच्या त्रिमितीय अवतारात चिलखत गळण्याची कल्पना कायम असून हवेत दुसरी उडी घेण्याची मुभा आहे. काठिण्य न्याय्य वाटण्यासाठी दृश्य निःसंदिग्ध असणे आवश्यक ठरते.