मुलावरचा अधिकार आणि मुलाचे हित

मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत कायदा त्याला अज्ञान मानतो. तोवर त्याच्या वतीने सही करणे, त्याची मालमत्ता सांभाळणे, ते कुठे राहील नि शिकेल हे ठरवणे, हे सारे पालकाकडे असते. हिंदूंच्या बाबतीत १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू होतो. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा क्रम आहे. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ असावे, असेही तेच कलम सांगते. तान्ह्या मुलाचे सगळे करणारी आई कागदावर दुसरी ठरते, ही उघड विसंगती आहे.

लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने वडिलांच्या सहीअभावी स्वीकारला नाही. त्यावर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा दोघांच्या संमतीने सारे आईच पाहत असेल, तर तीच नैसर्गिक पालक. २०१५ मध्ये अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मागता येईल, असा निकाल आला. त्याच वर्षी विधी आयोगाने आई आणि वडील दोघांना समान दर्जा देण्याची शिफारस केली. कलम मात्र बदललेले नाही. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी आणले, हे पाऊल म्हणूनच मोलाचे.

आईवडील वेगळे झाले की ताब्याचा वाद उभा राहतो. तिथे दोघांच्याही अधिकारापेक्षा मुलाचे हित वरचढ, असे १९५६ च्या त्याच कायद्याचे तेरावे कलम बजावते. समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेते. ताबा एकाकडे गेला, तरी दुसऱ्याला भेटण्या-बोलण्यापासून सहसा तोडले जात नाही. मुलाला दोघांचीही माया मिळायला हवी.

मालमत्तेवरचा अधिकारही मोकळा नाही. अज्ञान मुलाच्या नावावरची जमीन किंवा घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकले, तर मुलाला तो व्यवहार रद्द करून घेता येतो. गोव्यात तर मुले असलेल्या माणसाला मृत्युपत्राने स्वतःच्याही अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. उरलेला भाग मुलांसाठी राखीव असतो.

पोटगीची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. आईवडिलांचे लग्न झालेले असो वा नसो, मुलाचा पोटगीचा हक्क कायम राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे आणि आदेश मोडणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो.

सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. बालविवाह लावून देणाऱ्या पालकाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

मुलाला टाकून देणे हा गुन्हा आहे. पण खरोखर हतबल झालेल्या जन्मदात्यांना २०१५ चा बालन्याय कायदा शिक्षेतून वगळतो. असे आईवडील मूल बालकल्याण समितीकडे सुपूर्द करू शकतात, आणि समुपदेशनानंतरही फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात.