एक ग्रंथ, शंभर हात

विद्याधन वांटल्यानें वाढतें, असें आपण मुलांस लहानपणापासून सांगत आलों. परंतु ज्या ग्रंथांत तें धन सांठविलेलें असतें, त्यांची व्यवस्था मात्र याच्या उलट आहे. संशोधनपर ग्रंथाच्या प्रती थोड्या निघतात, म्हणून किंमत चढते. किंमत चढली म्हणजे गिऱ्हाईक आणखी कमी होतें. शेवटीं तो ग्रंथ मोठ्या ग्रंथालयाच्या कपाटांत जाऊन बसतो, आणि हिर्डोशीसारख्या डोंगरांतील गांवच्या जिज्ञासु विद्यार्थ्यास तो नुसता पाहण्यासाठींही पुण्याची वाट धरावी लागते. त्याच्या हातीं आज मोबाईल आहे. पण ग्रंथ कोणीं तरी मोकळा केला असेल, तरच त्याचा उपयोग.

ग्रंथ विनामूल्य द्यावयाचा, तर संपादन, जुळणी व मुद्रितशोधन यांचा खर्च कोणीं सोसावा? लेखकानें सोसावा असें म्हणणें म्हणजे निर्धन पंडिताचें तोंडच बंद करणें होय.

आपल्याकडे या प्रश्नाचीं दोन उत्तरें झालीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं भागीदारांची कंपनी काढून व वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. आमच्या भोरहून मांढरदेवीचा डोंगर ओलांडला कीं वाई लागते. तेथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा भार सरकारनें उचलला. आज हे दोन्ही कोश इंटरनेटवर सर्वांस खुले आहेत. परंतु प्रत्येक ग्रंथास केतकर कोठून मिळणार, आणि सरकार तरी किती ठिकाणीं पुरें पडणार?

तिसरें उत्तर ग्रंथालयांचें आहे. 'नॉलेज अनलॅच्ड' या संस्थेनें २०१४ सालीं २४ देशांतील २९७ ग्रंथालयांची वर्गणी एकत्र करून २८ ग्रंथ जगास मोकळे केले. आरंभीं प्रत्येक ग्रंथालयाचा वांटा दर ग्रंथामागें सरासरी ६० डॉलर धरला होता. सहभागी वाढले, तसा तो ४३ डॉलरांवर आला. २०२१ सालीं ती संस्था वायली या व्यापारी प्रकाशनगृहाकडे गेली, तरी मोकळे झालेले ग्रंथ मोकळेच राहिले. मात्र अशा निधीची किल्ली ग्रंथालयांच्याच कनवटीस असावी, हा धडा त्यांतून घ्यावा.

आपल्या सरकारनें २०२४ च्या नोव्हेंबरांत 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेस तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यायोगें सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस हजारों नियतकालिकें वाचावयास मिळतात, हें उत्तमच झालें. पण तो दरवाजा नांव नोंदलेल्यांपुरताच उघडतो. शिक्षण आटोपून गांवीं परतलेला वाचक बाहेरच राहतो.

महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्यान्वयें अनुदान घेणारीं ग्रंथालयें हजारोंनीं आहेत. समजा, एका मराठी संशोधनग्रंथाच्या सिद्धतेस दोन लक्ष रुपये लागले. २०० ग्रंथालयांनीं एकेक हजार दिले कीं काम झालें. "दुसरा देतो आहे, मग मीं कां द्यावें?" ही शंका येईल. गांवची विहीर खणतांनाही ती आली असेलच. तरी विहिरी झाल्या.

आपल्या घरांतून वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयास कपाट देण्याची चाल आहे. पुढील वर्षीं कपाटाऐवजीं एक ग्रंथ मोकळा करावा. कपाटास कुलूप असतें. त्या ग्रंथास नसेल.