भुताच्या झाडाचा डिंक

दिवस मावळला, की ताडोबाच्या जंगलात एक झाड पांढरंफटक उठून दिसतं. उन्हाळ्यात अंगावर एक पान नाही, नुसत्या वेड्यावाकड्या फांद्या आणि गोरी गुळगुळीत साल! म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. नाव त्याचं कुलू, कुठे कांडोळ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर ते मजेत वाढतं. फळं पाच-पाच जोडलेली, चांदणीच्या आकाराची. त्यांच्यावर बारीक लव असते. तिला हात लावलात, तर खाजवून खाजवून बेजार व्हाल! आतल्या बिया मात्र भाजून खातात.

पण आज बोलायचंय ते त्याच्या डिंकाबद्दल.

सालीला जखम झाली, की झाड तिथे चिकट रस सोडतं. जखम बुजवायचा हा त्याचा स्वतःचा उपाय. पहिल्या दिवशी रस सगळ्यात जास्त, मग थोडा थोडा, असा काही दिवस झिरपत राहतो आणि वाळून त्याचे पिवळसर-पांढरे खडे होतात. खडा नाकाशी न्या. अरेच्चा, हा तर व्हिनेगरचा वास! व्हिनेगरला आंबटपणा देणारं असेटिक आम्ल या डिंकातूनही सुटत असतं.

आता गंमत बघा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळून जातो. कुलूचा विरघळत नाही, फुगतो! मूळ आकाराच्या 60 ते 100 पट फुगतो. असं का होतं? डिंक म्हणजे साखरेच्या छोट्या छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी, आगगाडीला डब्यामागे डबा जोडावा तशी. अशा साखळीला बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर म्हणतात. प्लास्टिकही पॉलिमरच, पण ते कारखान्यात बनतं. हे झाडाने बनवलेलं. कुलूच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि त्यांचा मऊ, चिकट गोळा होतो.

या चिकटपणामुळे दातांची कवळी बसवायच्या पावडरीत हा डिंक वापरत. आणि मग 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्याला एक फार मोठं काम दिलं. आतड्याच्या काही आजारांत डॉक्टरांना पोटावर एक छोटं तोंड करावं लागतं. शौच तिथून बाहेर येते आणि पिशवीत जमा होते. पण पाचकरस सारखे लागून आजूबाजूची कातडी सोलवटून निघायची. किती आग होत असेल, विचार करा! त्या ओल्या कातडीवर टर्नबुल यांनी कुलूच्या डिंकाची पूड वापरली. ओल शोषून ती फुगली, चिकटून बसली आणि कातडीवर संरक्षक थर तयार झाला. शिवाय हा डिंक थोडा आम्लधर्मी, त्यामुळे जंतूंनाही तिथे फारसं फावत नाही. पुढे त्याची गोल कडीच मिळू लागली. पोट साफ व्हायच्या औषधांतही हा डिंक असतो. तिथेही काम तेच, पाणी धरून फुगायचं.

मला मात्र राहून राहून झाडाची काळजी वाटते. डिंक जास्त हवा म्हणून कुऱ्हाडीने मोठमोठे घाव घातले, साल खोल कापली, की जखम भरत नाही. तिथे कीड आणि बुरशी शिरते आणि झाड मरतं. कित्येक ठिकाणी कुलू अशानेच विरळ झाला. नीट पद्धत वेगळी आहे. बारीक खोडाला हातच लावायचा नाही. जाड खोडावर धारदार हत्याराने फक्त सालीपुरता छोटा छेद द्यायचा, लाकडाला धक्का लावायचा नाही, आणि मग झाडाला विश्रांती द्यायची.

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे डिंक काढता येत नाही. पण गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे अशी आणखी बरीच गावं झाली. बांबू असो, तेंदूपान असो की डिंक, किती काढायचं आणि कुठे थांबायचं, हे तिथे ग्रामसभेत बसून गावच ठरवतं.