कापलेल्या चीजला साल परत द्या

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातली क्रेदेम ही बँक १९५३ पासून चीज तारण ठेवून घेते आणि त्यावर चीज करणाऱ्यांना कर्ज देते. हे चीज म्हणजे पार्मिजानो रेज्जानो. त्याचं एकेक चाक सरासरी ४० किलोंचं असतं आणि त्यासाठी सुमारे ५५० लिटर दूध लागतं. किमान १२ महिने मुरल्याशिवाय त्याला हे नाव लावता येत नाही. २४ आणि ३६ महिने मुरवलेली चाकंही बाजारात येतात. एवढा काळ करणाऱ्याचा पैसा अडकून पडतो, म्हणून कर्जाची गरज. पण बँकेच्या बाजूनं पाहिलं तर हा मोठाच भरवसा आहे. दुधासारख्या नाशिवंत वस्तूचा पदार्थ गोदामात ठेवायचा, आणि महिने लोटले तरी त्याची किंमत घटायची नाही, उलट वाढायची. माझ्या मते हा भरवसा मुख्यतः चीजच्या सालीवर उभा आहे. आपल्या घरी आणलेला कठीण चीजचा तुकडा का बिघडतो, याचं उत्तरही त्या सालीतच सापडतं.

ही साल वरून चढवलेली नसते. तिथे मेण नाही, लेप नाही. साच्यातून निघालेलं चाक जवळजवळ तीन आठवडे मिठाच्या पाण्यात राहतं आणि मग लाकडी फळ्यांवर जातं. थंड, काहीशा दमट खोलीत बाहेरचा थर सावकाश सुकत घट्ट होतो. ठरावीक दिवसांनी चाक उलटायचं आणि पुसायचं, हे काम वर्षभर चालतं. साल आतलं पाणी अडवून धरत नाही, पण भराभर उडूनही देत नाही, आणि बुरशीला आत शिरू देत नाही. वर्ष पुरं झालं की जाणकार लहानशा हातोडीनं चाक ठोकतो आणि कान देतो. माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो, तशीच ही परीक्षा. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो, आणि नापास चाकाच्या सालीवरचं नाव खरवडून काढलं जातं. साल गेल्यावर काय होतं, ते मे २०१२ मधल्या एमिलियाच्या भूकंपानं दाखवून दिलं. गोदामांतल्या उंच मांडण्या कोसळून असंख्य चाकं फुटली. फुटलेलं चाक पुन्हा मुरत ठेवता येईना. ते लवकर विकून, किसून किंवा वितळवून संपवावं लागलं. दूध तेच, कारागीर तेच, फक्त कवच तुटलं होतं.

दुकानातून आणलेला तिकोनी तुकडा याच अवस्थेत असतो. पाठीला साल आहे, पण बाकीच्या बाजू उघड्या आहेत. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते, कारण तिच्यातली वाफ थंड नळ्यांवर गोठून बाहेर जाते आणि पंखा तीच सुकी हवा फिरवत राहतो. उघड्या चीजच्या कडा तिथे काही दिवसांत पिवळट, काचेसारख्या कडक होतात. त्यातली चरबी शेजारच्या लसणाचा, हिंगाचा, सुक्या जवळ्याचा वासही ओढून घेते. म्हणून आपण प्लास्टिकची फिल्म घट्ट गुंडाळतो, आणि मग उलटी अडचण होते. निघालेली ओल पृष्ठभागावरच अडकते, चीजला घाम सुटतो, आणि बुरशीला हवी तशी जागा मिळते. सालीचं काम या दोहोंच्या मधलं आहे. ते घरी करवून घ्यायचं तर बटर पेपरच्या घडीत तुकडा नीट गुंडाळावा, तो झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि डबा भाजीच्या कप्प्यात, कारण तिथे ओल थोडी अधिक असते. कागद जास्तीची ओल शोषतो, डबा तिला उडून जाऊ देत नाही. कागद ओलसर किंवा तेलकट लागला की बदलावा.

यावर कोणी म्हणेल, की कंपन्याच व्हॅक्यूम पाकिटात चीज विकतात, मग प्लास्टिक वाईट कसं? पाकीट उघडेपर्यंत आत हवा जवळजवळ नसतेच, म्हणून बुरशी वाढत नाही. हातानं गुंडाळलेल्या फिल्मखाली हवाही राहते आणि ओलही. दुसरा आक्षेप सवयीचा आहे. आपल्या घरांत चीज म्हणजे बहुधा प्रक्रिया केलेले क्यूब आणि स्लाइस. त्यांचे असले लाड कोणी करत नाही. ते चीज क्षार घालून, तापवून, वितळवून एकजीव केलेलं असतं, त्यातले बहुतेक सूक्ष्मजीव मेलेले असतात. त्याचा नियम मुरलेल्या चीजला लावणं चूक आहे. फ्रीझरचा मार्ग सोपा वाटतो, पण बर्फाचे कण आतली वीण मोडतात. तुकडा भुसभुशीत होतो आणि फक्त किसून शिजवायच्या कामाचा उरतो. किसून ठेवणं त्याहून वाईट, कारण कीस म्हणजे चहूबाजूंनी साल सोललेलं चीज. पार्मिजानोत दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या जठरातलं रेनेट असतं, हे शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचं मुरलेलं चेडार घेतलं तर त्यालाही हीच कागद-डब्याची रीत लागू पडते.

आणि डाग दिसला म्हणून लगेच फेकू नका. कापल्यावर आत दिसणारे, दाताखाली करकरणारे पांढरे कण बुरशी नव्हे. प्रथिनं सुटी होताना बनलेले ते टायरोसिनचे स्फटिक आहेत, चीज नीट मुरल्याची खूण. बाहेर खरी बुरशी आली, तर कठीण चीजमध्ये ती खोल जात नाही. डागाच्या भोवती आणि खाली किमान अडीच सेंटिमीटर काढून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका, आणि उरलेलं नव्या कागदात बांधा. मऊ किंवा किसलेल्या चीजला मात्र ही सवलत नाही, ते टाकूनच द्या. शेवटी हातात नुसती साल उरेल, तीही जपून ठेवा. इटालियन घरांत ती खरवडून, धुऊन मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपच्या पातेल्यात उकळायला टाकतात.