पतित पाद्र्याची कथा

पुरोहित स्वतःच पतित असेल, तर त्याच्या हातून झालेला संस्कार व्यर्थ जातो काय? छळाच्या काळीं कच खाल्लेल्या पुरोहितांचे संस्कार उत्तर आफ्रिकेंतील डोनेटसपंथीय मानीत नसत. संत ऑगस्टीननें त्यांना उत्तर दिलें, कीं संस्काराचा खरा कर्ता ख्रिस्त. पुरोहित केवळ निमित्त. कॅथलिक पंथानें हेंच मत कायम केलें.

या रूक्ष सिद्धान्तांत केवढें नाट्य आहे, तें ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकानें ओळखलें. भावी पत्नीचा धर्म समजून घ्यावा म्हणून त्यानें शिकवणी धरली, आणि १९२६ सालीं तो स्वतःच कॅथलिक झाला! १९३८ सालीं तो मेक्सिकोंत हिंडला. तेथील टबॅस्को प्रांतांत सरकारनें चर्चें पाडलीं होतीं. पाद्र्यांनीं लग्न करावें, असा दंडक घातला होता.

१९४० सालच्या त्याच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या कादंबरीचा नायक असाच एक फरारी पाद्री. मद्यपी, भित्रा, एका मुलीचा बाप. स्वतःच्या उद्धाराची त्याला आशा नाहीं. तरी लपतछपत तो बाप्तिस्मा देतो, पापनिवेदनें ऐकतो. सुरक्षित प्रांतांत पोंचल्यावरहि एका मरणोन्मुख खुन्यासाठीं, सापळा आहे हें जाणून, तो परत फिरतो. खुनी पापनिवेदन करीतच नाहीं. पाद्र्याला मात्र गोळी घालतात.

माझ्या मतें नास्तिकापेक्षां भाविकालाच हें पुस्तक अधिक बोंचतें. १९५३ सालीं रोमच्या धर्मपीठानें त्यावर ठपका ठेवला व फेरफार सुचविले. ग्रीननें ते केले नाहींत. १९६५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं मात्र भेटींत त्याला सांगितलें, कीं आपण ती कादंबरी वाचली आहे. कांहीं कॅथलिकांना त्याचें लेखन खुपेलच, तिकडे त्यानें लक्ष देऊं नये.