हलत्या घरातला संसार

बेल्याला समुद्र नाही. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि तीही उन्हाळ्यात दगड दाखवते. पण तेच पाणी वर्धेत, मग प्राणहितेत, मग गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागरापर्यंत जातं, तेव्हा या विषयाशी आपला अगदीच संबंध नाही असं कोणी म्हणू नये. एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास ज्यांनी घेतला ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटीसुद्धा निवृत्तीनंतर राहायचे ते फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथून कुठला समुद्र दिसतो?

त्यांच्या आग्रहातून ‘म्हादेई’ उभी राहिली. ५६ फुटी नौका, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. नंतर अभिलाष टॉमी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांनी मुंबईत आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी घातली. त्यातल्या ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या, म्हणजे आपल्याच राज्यातल्या. ‘तारिणी’ही दिवाडीचीच.

या मोहिमांमधलं धाडस सगळ्यांना माहीत असतं. मला कुतूहल आहे ते वेगळंच: ही माणसं रोज जेवत कशी होती, झोपत कुठे होती, कपडे वाळत कुठे घालत होती?

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती अशी की शिडाची नौका नुसती हलत नाही, ती कलते. वारा एका बाजूचा असला की दिवसचे दिवस सगळं घर तिरकं. म्हणून तिथली शेगडी दोन कडांवर पाळण्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी शेगडी सपाट राहते. भांडं सरकू नये म्हणून वर पकडी, ओट्याला आणि फळ्यांना उभ्या कडा. आणि या स्वयंपाकघरातलं सगळ्यात कामाचं भांडं कोणतं? आपला कुकर! झाकण पक्कं बसतं, त्यामुळे आडवा झाला तरी उकळती डाळ पायावर येत नाही, शिवाय गॅस वाचतो. खवळलेल्या समुद्रात स्वयंपाक करताना रेनकोटची विजार घालायची, ती पावसासाठी नव्हे, भाजू नये म्हणून. कप कधीही अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

गॅसचं मात्र जपावं लागतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर निदान दाराच्या फटीतून बाहेर जायला वाट असते. नौकेचा तळ म्हणजे घागर, तिथे तो साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद कप्प्यात असतो, त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. स्वयंपाक झाला की शेगडीच्या बटणावर न थांबता सिलिंडरचाच कॉक बंद करायचा. (ही सवय आपल्या घरीही लावून घ्यायला हरकत नाही.)

पाण्याचा हिशोब आपल्या लोकांना शिकवायला नको, मे महिना शिकवतोच. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा एक हात गोड्या पाण्याचा. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही; शाम्पूला किंवा भांड्यांच्या लिक्विडला येतो. भातात मिठाऐवजी थोडं समुद्राचं पाणी घालतात. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असतं, पण त्याला वीज लागते आणि ते बिघडू शकतं, म्हणून सगळं पाणी एका टाकीत कधीच ठेवत नाहीत. टॉमींच्या त्या पाच महिन्यांच्या प्रवासात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं होतं. अशा वेळी पाऊसच आधार. पण पहिल्या सरीला बादली लावायची नाही, तिने शिडावरचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं. मग शिडाच्या खालच्या कडेवरून ओघळणारं पाणी धरायचं. आणि पाण्याचा कॅन काठोकाठ भरायचा नाही. जरा रिकामा असला तर समुद्रात पडला तरी तरंगतो.

कपड्यांचं दुखणंही मिठाचंच. पावसाळ्यात आपली मिठाची बरणी कशी ओलसर होते, तसंच खारं पाणी मुरलेला कपडा हवेतला ओलावा ओढत राहतो. कितीही वाळवा, दमटच. म्हणून एक जोड कोरडा, घट्ट तोंडाच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायचा. झोपायच्या फळीला बाजूने कापड ताणून बांधतात, लहान बाळाच्या झोळीसारखं, म्हणजे माणूस खाली घरंगळत नाही.

रात्री कपाळावर बांधायचा दिवा लागतो, पण लाल उजेडाचा. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, तेवढ्यात एखादं जहाज अंगावर यायचं. चाकू दोरीने कमरेला बांधलेला. आणि जिन्यावरून वर पाऊल टाकायच्या आधी पट्ट्याचा हूक दोराला अडकवायचा. वर गेल्यावर नव्हे. एकटा माणूस पाण्यात पडला तर नौका त्याच्यासाठी थांबत नाही. तळात जिथे जिथे पाण्याच्या नळीचं भोक आहे तिथे त्याच मापाची लाकडी गुडदी सुतळीने बांधून ठेवतात. नळी फुटली की गुडदी शोधायला वेळ नसतो.

‘हाताशी’ या शब्दाचा अर्थ मला २०१८ च्या घटनेने कळला. गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात, वादळाने टॉमींची ‘थुरिया’ उलथली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. आणीबाणीची पिशवी तयार होती: सॅटेलाइट फोन, रेडिओ, सगळं तिच्यात. पण त्यांना उठता येत नव्हतं आणि पिशवी त्याच छोट्याशा खोलीत असूनही पोचण्यापलीकडे होती. संदेश पाठवायचं एक छोटं यंत्र हाती होतं, त्यावर ते टंकत राहिले. आइस टीचे डबे होते, त्यावर तहान भागवली. जवळपास तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. तेव्हापासून मी कुणाचीही ‘तयारी’ बघताना एवढंच बघते: ही वस्तू आडवं पडून मिळेल का?

हेच टॉमी पुढच्या गोल्डन ग्लोबमध्ये पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

जाता जाता साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक. नौकेवर नोंदवही असते: वेळ, जागा, वारा, हवेचा दाब. ती पेन्सिलीने लिहितात. शाई ओली झाली की पसरते, पेन्सिल टिकते.