गाडी ऐकत नाहीं, तेव्हां

वाढदिवसाला घरांत रिमोटवर चालणारी विजेची गाडी येते आणि पहिला आठवडा आनंदांत जातो. मग एके सायंकाळीं अंगणांत भरधांव सुटलेली गाडी मध्येंच थबकते, तिचीं पुढचीं चाकें थरथरूं लागतात आणि क्षणभर कोणालाच न जुमानतां ती फाटकाबाहेर रस्त्याकडे धांव घेते. मूल रडकुंडीस येतें. वडील माणसें ‘रेडिओ बिघडला’ असा निकाल देऊन नवा रिमोट आणावयास निघतात. हा निकाल पुष्कळ वेळां चुकीचा ठरतो. आळ लहरींवर येतो आणि खरा अपराधी, म्हणजे अपुरा वीजपुरवठा, गाडीच्या पोटांतच लपलेला असतो.

तारेवांचून दुरून वाहन चालविण्याची कल्पना नवी नाहीं. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका रेडिओलहरींच्या साहाय्यानें चालवून दाखविली होती. आजच्या गाडीची योजना अशी असते: हातांतील प्रेषक, ज्याला सर्वजण रिमोट म्हणतात, तो आज्ञा पाठवितो. गाडींतील ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, ती झेलतो. सर्व्हो नांवाची छोटी मोटर पुढचीं चाकें वळविते आणि वेगनियंत्रक मुख्य मोटरला हवी तेवढी वीज सोडतो. बहुतेक गाड्यांत या सर्वांचा निर्वाह एकाच बॅटरीवर चालतो. सहा निकेल-घटांची बॅटरी ७.२ व्होल्टची असते. वेगनियंत्रकांतील एक मंडल तींतूनच ग्राहक व सर्व्हो यांना ५ ते ६ व्होल्टचा स्थिर दाब पुरवितें. एकाच ताटांत जेवणाऱ्यांपैकीं एक आडदांड असला म्हणजे दुबळ्याची जी गत होते, तीच येथें ग्राहकाची होते.

मोटर स्थिर अवस्थेंतून एकदम सुटते तेव्हां तिला क्षणभर फार मोठा प्रवाह लागतो. समजा, तो २० अँपियर आहे आणि मळलेल्या किंवा सैल जोडणींत अवघा दशांश ओहम रोध आहे. ओहमच्या नियमाप्रमाणें २ व्होल्ट त्या जोडणींतच खर्ची पडतात, आणि तेथें ४० वॅट उष्णता निर्माण होते. बॅटरी जुनी असली तर तिच्या अंतर्गत रोधामुळें दाब आणखी घटतो. ग्राहकाला पुरेसा दाब न मिळाल्यानें तो क्षणभर बेशुद्ध पडतो, पुन्हां सुरू होतो, आणि तोंपर्यंत गाडी बेवारशी असते. पाहणाऱ्याला वाटतें, लहर तुटली. वस्तुतः लहर दारांत उभीच होती; दार उघडणाराच झोंपला होता. म्हणूनच बॅटरी विश्रांतींत असतां मीटरनें दाखविलेला आंकडा फसवा ठरतो. दाब मापावयाचा तो मोटर ओढ घेत असतांना.

लहरींचे दोष मुळींच नसतात असें नाहीं. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या पद्धतीच्या दोन गाड्या एकाच वाहिनीवर असल्या, तर एकीची आज्ञा दुसरीला पोंचते. तेथें वाहिनी बदलणें हाच उपाय. २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्यांत ग्राहक आपल्या प्रेषकाला ओळखतो, म्हणून ही गफलत सहसा होत नाहीं. परंतु त्या लहरींची लांबी अवघी १२.५ सेंटिमीटर असते. एरियलचें सुमारें ३१ मिलिमीटरचें टोंक धातूला चिकटलें किंवा तुटलें, कीं गाडीचा पल्ला घटतो. तिसरा दोष घरचाच आहे. ब्रश असलेल्या मोटरींत ब्रशांपाशीं ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें रेडिओकेंद्रच! हा गोंगाट दाबण्यासाठीं मोटरच्या दोन टोंकांमध्यें, तसेच प्रत्येक टोंक व धातूचें कवच यांमध्यें, सामान्यतः ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डाखलेले असतात. एकाचा डाख सुटला तरी गोंधळ सुरू होऊं शकतो.

मग दोष ओळखावा कसा? एका वेळीं एकच गोष्ट बदलून. प्रथम रिमोटचे सेल नवे घालावे. नंतर गाडीची बॅटरी पूर्ण भरून पाहावी. तेवढ्यानें न भागल्यास गाडी ठोकळ्यावर ठेवून चाकें अधांतरीं फिरवावीं. अधांतरीं मोटरला फारशी वीज लागत नाहीं, पण ठिणग्या उडतातच. सर्व्हो तेव्हांहि थरथरत असेल, तर ब्रश आणि कपॅसिटर तपासावे. अधांतरीं सर्व सुरळीत, पण जमिनीवर वेग घेतांना गाडी हाताशीं असूनहि बिघडते, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याचा. प्लग स्वच्छ व घट्ट करावे, जो तापतो तो बदलावा आणि दुसरी चांगली बॅटरी लावून पाहावी. जवळ ठीक चालणारी गाडी अंतर वाढतांच बिघडत असेल, तर एरियलकडे वळावें. एका विशिष्ट जागींच निरनिराळ्या गाड्या बिघडत असतील, तेव्हां बाहेरच्या लहरींवर संशय घ्यावा.

कांहीं नियम मात्र नेहमींच पाळावे. सुरू करतांना आधीं रिमोट, मग गाडी. बंद करतांना आधीं गाडी, मग रिमोट. संदेश तुटतांच मोटर थांबविण्याची सोय गाडींत असल्यास ती लावून ठेवावी, आणि चाकें अधांतरीं असतां रिमोट बंद करून तिची परीक्षा घ्यावी. बॅटरी लिथियम-पॉलिमरची असेल तर तिच्या प्रत्येक घटाचा दाब ३ व्होल्टच्या खालीं जाऊं देऊं नये. ती तिच्यासाठींच असलेल्या चार्जरवर, वडील माणसाच्या नजरेसमोर भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये; ती पेट घेऊं शकते.

मूल शेजारीं बसलें असतां या परीक्षा क्रमानें केल्या, तर अनेकदां शेवटीं एक काळवंडलेला प्लग हातीं लागतो. तो बदलावयास खर्च थोडाच येतो. नुसता नवा रिमोट आणला असता, तर गाडी पुढल्या वळणावर पुन्हां रस्त्याकडेच धांवली असती.